जगाचे राजकारण, विरोध आणि धम्म
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेले व्याख्यान)



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या विहारात जगाच्या राजकारणाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण पहा, बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत हाच विषय घेतला होता: बुद्ध की कार्ल मार्क्स?

जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याच्या मते विरोधातून विकास होतो. जात्याचे दोन दगड घासतात तेव्हाच पीठ पडते, तसे. मार्क्सने हा विचार भाकरीशी जोडला. मालक आणि मजूर यांच्या संघर्षातून नवा समाज येईल, असे त्याने मांडले. चीनच्या ताओ मताची नजर वेगळी. तिथे यिन आणि यांग एकमेकांना संपवत नाहीत. टोकाला गेलेली गोष्टच उलटते. वैशाखाचे ऊन कडक झाले की मिरगाचा पाऊस जवळ आला असे आपण म्हणतोच ना! १९४५ पर्यंत अमेरिका आणि रशिया हिटलरविरुद्ध एकत्र लढले आणि युद्ध संपताच एकमेकांचे वैरी झाले.

धम्म सांगतो प्रतीत्यसमुत्पाद. कारण आहे तोवर परिणाम आहे. कारण सरले की परिणामही सरतो. शोषण संपावे, हे मार्क्सचे ध्येय बाबासाहेबांना मान्य होते. हिंसेचा मार्ग मान्य नव्हता. रशियाची व्यवस्था बळावर उभी आहे, ते बळ गेले तर सरकारी मालमत्तेसाठी लोक आपसांत लढतील, अशी भीती त्यांनी काठमांडूत बोलून दाखवली. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि पुष्कळ सरकारी मालमत्ता मूठभरांच्या हाती गेली. मन न बदलता आणलेली समता पहाऱ्यावरच जगते, बरं का!

हे रशियापुरतेच नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी आपल्यालाही बजावले होते: राजकारणात समता, पण सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर दूर करा, नाहीतर लोकशाहीच उद्ध्वस्त होईल. ती विसंगती आजही आपल्या दारात उभी आहे. मिरग येतो तशी समता ऋतू बदलला म्हणून येणार नाही. तिची कारणे आम्हीच घडवली पाहिजेत. मुलीचे शिक्षण अर्ध्यावर तोडायचे नाही, मत विकायचे नाही आणि विहारात वंदनेनंतर तासभर वाचन करायचे. एवढे तरी आम्ही करू या.

नमो बुद्धाय! जयभीम!