विहिरीवरची बाभूळ
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला मिळालेली पाच मिनिटं मी सुगरण पक्ष्याला देणार आहे. सातारा-सांगलीकडच्या आपण सगळ्यांनी विहिरीवरच्या बाभळीला लटकणारे खोपे पाहिलेत.

नाव सुगरण, पण खोपा विणतो नर. पावसाळ्यात त्याचं डोकं पिवळंधमक होतं. गवताच्या, उसाच्या पात्यांचे लांब धागे सोलून, शेकडो खेपा करून तो साधारण १८ दिवसांत खोपा पुरा करतो. अर्धा झाला की मादी पाहणीला येते. तिला पटला तरच खालची नळी विणली जाते. एकीचा संसार मांडून दिला की हा बहाद्दर दुसरीसाठी नवा खोपा घेतो! सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला हे बारकाईने पाहून नोंदवलं.

आफ्रिकेतले याचे भाऊबंद तर गावातल्या झाडांवरच, माणसांच्या गलबल्यात घरटी बांधतात. आपली सुगरण काटे बघते, खाली पाणी बघते, आणि बहुधा झाडाची पूर्वेची बाजू धरते, म्हणजे पश्चिमेचा पाऊस झोडपत नाही. अशी जागा आपल्याच आजा-पणज्यांनी तिला दिली. विहीर त्यांनी खोदली, बाभूळ त्यांनी राखली.

आता बोअर आली, पाइपलाइन आली. विहिरी बुजल्या, बांध कोरले गेले, बाभळी गेल्या.

आमच्या घरातही यंदा वाद झाला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, पाचोळा विहिरीत पडतो, काटे पायात मोडतात. तोडूया." त्याचं खोटं नव्हतं. शेवटी ठरलं, की अडचणीच्या फांद्या तेवढ्या दिवाळीनंतर, खोपे रिकामे झाल्यावर छाटायच्या. झाड ठेवायचं. ज्वारीचे दाणे सुगरण खाते हे खरं, पण पिल्लांना ती किडे-अळ्याच भरवते.

मित्रांनो, आपल्यातल्या निम्म्यांची तरी शेती आहे. विहिरीवरचं एक काटेरी झाड राखा. दिवाणखान्यात टांगायला श्रावणात खोपा तोडू नका, आत पिल्लं असतात. जुना खोपाही झाडावरच राहू द्या, त्यात मुनिया अंडी घालतात.

शाळेला आपण देणगी देणारच आहोत. गुरुजींची परवानगी असेल, तर कुंपणाच्या कडेला दोन बाभळीही लावू. पोरांना खोपा पुस्तकातच बघायला लागू नये.