ऑलिंपसचे देव : कथा उरल्या, दिवा विझला



ग्रीक देवदेवतांची नावे आज अपरिचित आहेत असे कोणी म्हणणार नाही. शाळकरी मुलाच्या दप्तरात ॲटलास असतो. १९६९ साली मानव प्रथम चंद्रावर उतरला, त्या मोहिमेला अपोलोचे नाव होते. वैद्यकशास्त्राच्या चिन्हात सर्पाने वेढलेला दंड दिसतो, तो ॲस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचा. नावे सर्वत्र आहेत, कथाही सर्वत्र आहेत. परंतु ज्या देवांची ही नावे, त्यांच्यापुढे तिन्हीसांजेला दिवा लावणारे घर शोधू गेल्यास ते क्वचितच सापडेल. एका प्रतिभासंपन्न समाजाने दीड हजारांहून अधिक वर्षे ज्यांची उपासना केली, ते देव कथेत राहिले आणि उपासनेतून गेले. हे कसे घडले, हा या विवेचनाचा विषय आहे.

या प्रश्नाला एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. ग्रीकांचे देव भांडखोर, मत्सरी आणि कामुक होते; समाज शहाणा झाला आणि त्याने त्यांचा त्याग केला, असे ते उत्तर. इतिहास मात्र या उत्तराला साक्ष देत नाही.

प्राचीन वंशावळ

ग्रीक देवकथांचे पहिले मोठे आधार म्हणजे होमरची महाकाव्ये आणि हेसिअडचे ‘थिओगनी’. ही रचना साधारणपणे इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातील. ग्रीकांना त्यांच्या देवांची वंशावळ, नावे आणि कार्ये होमर व हेसिअड यांनी नेमून दिली, असे इतिहासकार हिरोडोटसने नोंदवून ठेवले आहे. पण देव या कवींच्या कितीतरी आधीचे आहेत. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने ‘लिनिअर बी’ नावाची लिपी उलगडली. मातीच्या त्या टिकल्यांवर झेउस, हेरा, पोसायडन, डायोनिसस ही नावे वाचता आली. म्हणजे इ.स.पू. तेराव्या शतकाच्या सुमारास या देवांना नैवेद्य, मध आणि तेल अर्पण होत होते.

झेउस या नावाचे मूळ त्याहून खोल आहे. ग्रीकांचा ‘झेउस पातेर’, रोमनांचा ‘ज्युपिटर’ आणि ऋग्वेदातील ‘द्यौष्पितर्’ हे शब्द एकाच धातूचे आहेत. तेजाने उजळणारे आकाश, तोच पिता, ही ती कल्पना. ग्रीकांची पहाटदेवी इऑस आणि वेदातील उषा यांचेही नाते असेच आहे. मात्र साम्य पाहताना भेद विसरता कामा नये. वेदांत द्यौः मागे राहिला आणि इंद्र, अग्नी, वरुण पुढे आले. ग्रीसमध्ये तोच आकाशपिता देवांचा राजा झाला. शब्दाचे मूळ एक असले, तरी प्रत्येक भूमीने आपापला वृक्ष वाढवला.

हेसिअडने सांगितलेली कथा संघर्षाची आहे. प्रथम केऑस, मग गाया म्हणजे पृथ्वी, आणि तिच्यापासून युरेनस म्हणजे आकाश. युरेनस आपली अपत्ये पृथ्वीच्या उदरातच कोंडून ठेवतो. धाकटा पुत्र क्रोनस त्याला विळ्याने छेदून सत्ता घेतो. पुढे क्रोनसही स्वतःची मुले गिळू लागतो. आई रिया धाकट्या झेउसऐवजी कापडात गुंडाळलेला दगड त्याच्या हाती देते आणि बाळ वाचते. मोठा झाल्यावर झेउस टायटनांशी युद्ध करून जिंकतो. होमरच्या कथनानुसार मग तिघे भाऊ चिठ्ठ्या टाकतात : आकाश झेउसला, समुद्र पोसायडनला, पाताळ हेडिसला. पृथ्वी आणि ऑलिंपस पर्वत मात्र सर्वांचे सामाईक.

ही कथा केवळ ग्रीकांचीही नव्हे. आजच्या तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे हित्ती साम्राज्याच्या राजधानीचे अवशेष सापडले. तेथील मृत्तिकापटांवर कुमार्बी नावाच्या देवाची कथा आहे. तोही आकाशदेवाला पदच्युत करतो आणि अखेर वादळदेवापुढे हरतो. हेसिअडच्या पाचेकशे वर्षे आधी ही कथा लिहिली गेली होती. देवकथा व्यापाऱ्यांबरोबर आणि गायकांबरोबर प्रवास करीत असत, याचा हा पुरावा आहे.

चुलीतला देव

तथापि, कथा म्हणजे ग्रीकांचा सारा धर्म नव्हे. ग्रीक धर्माला एक संस्थापक नव्हता, एक ग्रंथ नव्हता, एक केंद्रीय धर्मपीठ नव्हते. प्रत्येक नगराची आपली देवता, आपले पंचांग, आपले उत्सव होते. अथेन्सच्या स्त्रिया अथेनादेवीसाठी वस्त्र विणीत आणि मोठ्या मिरवणुकीने ते तिला नेसवण्यासाठी नेत. एल्युसिस येथे डिमीटर व तिची कन्या पर्सेफोनी यांची गूढदीक्षा होई. डायोनिससच्या उत्सवात नाट्यस्पर्धा भरत, आणि ईडिपसची शोकांतिका त्याच उत्सवपरंपरेतून जन्माला आली. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने ती मराठीत आणली. ज्याला आज नाटक म्हणतात, ते तेव्हा देवाच्या उत्सवाचे अंग होते.

या साऱ्याचे मूळ घरात होते. हेस्टिया ही चुलीची, गृहाग्नीची देवता. तिच्याविषयी कथा फार थोड्या आहेत. ती कोणाशी भांडत नाही, कोणाचे अपहरण करीत नाही. परंतु अर्पणात पहिला मान तिचा. मूल जन्मल्यावर काही दिवसांनी त्याला उचलून अग्नीभोवती फिरवीत. त्या विधीने ते मूल घरचे होई. नववधू आली की तिला चुलीपाशी नेऊन तिच्यावर सुकी फळे उधळीत. नगरालाही अशीच एक सामाईक चूल असे. तेथील लोक दूर देशी नवी वसाहत वसवायला निघत तेव्हा मातृनगरीच्या अग्नीतून अग्नी घेऊन जात. झेउसच्या प्रेमप्रकरणांची कथा सर्वांना माहीत असते आणि हेस्टिया कोणाला आठवत नाही. मात्र ग्रीक माणसाचा दिवस तिच्यापाशी सुरू होत असे.

टीकेने देव मेले नाहीत

देवांच्या दुर्वर्तनाच्या कथा ग्रीकांना खटकल्या नाहीत असे नाही. इ.स.पू. सहाव्या शतकातच झेनोफेनिसने होमर व हेसिअड यांच्यावर कठोर टीका केली. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी आपल्यासारखेच देव रेखाटले असते, असा त्याचा आशय होता. प्लेटोने आदर्श नगरात अशा कथा मुलांना सांगू नयेत असे मत मांडले. युहेमेरसने देव म्हणजे पूर्वीचे थोर राजेच, असा सिद्धान्त सांगितला. स्टोइक तत्त्वज्ञांनी कथांचा रूपकात्मक अर्थ लावला.

या टीकेची एक काळी बाजूही आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. नगराचे देव मानीत नाही आणि तरुणांना बिघडवतो, या आरोपांवरून इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सने सॉक्रेटिसला विषाचा पेला दिला. बहुदेवपूजक समाज नेहमीच सहिष्णू असतो, असा भ्रम यामुळे दूर व्हावा.

परंतु एवढी सारी टीका होऊनही मंदिरे ओस पडली नाहीत. झेनोफेनिसनंतर जवळजवळ नऊ शतके ऑलिंपियात झेउसचे उत्सव होत राहिले. टीकेने या देवांचा अर्थ अधिक सूक्ष्म केला. शहाणपण आल्यामुळे देव गेले, हे उत्तर येथेच कोसळते.

भारतभूमीवरील भेट

या देवांची आणि भारतीय देवांची भेट झाली, तेव्हा काय घडले हेही पाहण्यासारखे आहे. मेगॅस्थेनिसने मथुरेच्या शूरसेनांकडे पूजल्या जाणाऱ्या एका देवाला ‘हेराक्लिस’ म्हटले. अनेक अभ्यासक त्यात श्रीकृष्ण पाहतात. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा अगाथोक्लिस याची नाणी अफगाणिस्तानातील ऐ-खानुम येथे मिळाली. त्यांवर चक्रधारी वासुदेव आणि हलधर संकर्षण आहेत. विदिशेजवळ बेसनगर येथे त्याच शतकाच्या अखेरचा एक स्तंभ आजही उभा आहे. तक्षशिलेहून राजदूत म्हणून आलेला दियोनपुत्र हेलिओदोरस याने तो देवदेव वासुदेवाचा गरुडध्वज म्हणून उभारला. त्यावरील ब्राह्मी लेखात हा ग्रीक स्वतःला ‘भागवत’ म्हणवतो.

महाराष्ट्राची भूमीही या संबंधाची साक्षी आहे. कार्ल्याच्या लेण्यातील स्तंभांवर ‘यवन’ दात्यांची नावे कोरलेली आहेत. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीला पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती सापडली. सातवाहनकाळातील सागरी व्यापारातून ती येथे आली असावी. आज ती तेथील टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. एका देवाला मानण्यासाठी दुसऱ्याला मोडावे लागते, असे त्या काळी हेलिओदोरसला वाटले नाही आणि त्याच्या यजमानांनाही नाही.

शेवट कसा झाला

शेवट आला तो राजाज्ञेने. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, ३१३ मध्ये, ख्रिस्ती उपासनेला मोकळीक मिळाली. ३८० मध्ये थिओडोसियसच्या राजवटीत तो राज्याचा धर्म झाला. ३८४ मध्ये रोमचा नगरप्रमुख सिमॅकस याने सम्राटाला विनंती केली की, पूर्वजांची विजयवेदी सभागृहात पुन्हा ठेवावी. एवढ्या गहन रहस्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग एकच असू शकत नाही, असा त्याच्या अर्जाचा आशय होता. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी विरोध केला आणि विनंती अमान्य झाली. ३९१ च्या सुमारास अलेक्झांड्रियातील सेरापिसचे भव्य मंदिर पाडले गेले.

३९२ च्या नोव्हेंबरमधील राजाज्ञा अधिक बारकाईने वाचण्यासारखी आहे. तिने केवळ मंदिरातील बळी बंद केले नाहीत. घरातल्या देवांना अग्नी, मद्य आणि सुगंध अर्पण करणे, त्यांच्यासाठी दिवा लावणे, धूप जाळणे, माळ घालणे हेही तिने गुन्हा ठरवले. ज्या घरात धूप जळेल, ते घर जप्त होणार होते. मंदिर पाडले तर ते पुन्हा बांधता येते. पण आईने मुलीला दाखवायचा दिवाच दंडनीय झाला, तर दोन-तीन पिढ्यांत तो कसा लावायचा हे सांगणारे कोणी उरत नाही.

पुढचा क्रम वेगाने उरकला. ऑलिंपियाचे उत्सव चौथ्या शतकाच्या अखेरीस थांबले, असे परंपरेने मानले जाते. ३९५-९६ च्या सुमारास अलारिकच्या गॉथ सैन्याने एल्युसिस उद्ध्वस्त केले. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने अथेन्समधील तत्त्वज्ञानाचे अध्यापन बंद पडले. अथेनेचे पार्थेनॉन प्रथम चर्च आणि नंतर मशीद झाले. १६८७ मध्ये तेथे साठवलेल्या तुर्की दारूगोळ्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडून ते फुटले.

काय उरले

न्यायाने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या ख्रिस्ती समाजाने पूजा थांबवली, त्याच समाजातील नकलकारांनी होमरच्या पोथ्या शतकानुशतके उतरवून काढल्या. थेस्सलोनिकाचे आर्चबिशप युस्टॅथियस यांनी बाराव्या शतकात होमरवर विस्तृत भाष्ये लिहिली. कथा वाचल्या त्या त्यांच्यामुळेच. नंतर युरोपच्या प्रबोधनकाळाने त्या चित्रांत आणि शिल्पांत आणल्या. कथेला अभय मिळाले, कारण आता ती निरुपद्रवी झाली होती. तिच्यामागे हात जोडणारे कोणी नव्हते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दर ऑलिंपिकपूर्वी दिसते. ऑलिंपियात हेराच्या भग्न मंदिरापुढे अंतर्वक्र आरशाने सूर्यकिरण एकत्र करून ज्योत पेटवली जाते. पुजारिणीच्या वेषातील स्त्री अपोलोची प्रार्थना म्हणते. ती स्त्री अभिनेत्री असते. सोहळा सुंदर असतो, साऱ्या जगाला तो आवडतो. पण ज्योतीची ही धावती यात्रा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासूनची आहे, प्राचीन नव्हे.

ग्रीसमध्ये आज काही लोक जुन्या देवांची उपासना पुन्हा करू लागले आहेत. २०१७ मध्ये तेथील शासनाने त्यांच्या धर्माला ‘ज्ञात धर्म’ म्हणून मान्यता दिली. त्यांची निष्ठा आदरणीय आहे आणि त्यांची अडचण शिकवण देणारी आहे. झेउसच्या शंभर कथा त्यांना उपलब्ध आहेत. परंतु रोजची प्रार्थना कोणत्या चालीत म्हणायची, बाळाला अग्नीभोवती कोणी व कसे फिरवायचे, हे त्यांना शिलालेखांतून आणि ग्रंथांतून जुळवावे लागते. विचारायला आजी नाही.

ग्रीक देवांच्या इतिहासाचा अर्थ हा आहे. कथा हे देवतेचे शरीर असेल, तर घरातील नित्याचा आचार हा तिचा प्राण होय. कथा ग्रंथालयात टिकते, संग्रहालयात टिकते, परक्याच्या हातीही टिकते. आचार मात्र एका हातातून दुसऱ्या हातात दिला तरच टिकतो. आणि कथेचा अर्थ न सांगता केवळ आचार सोपवला, तर तोही पुढच्या पिढीला ओझे वाटू लागतो. ज्या मराठी घरात आजही सांजवात होते, तेथे वात कशी वळायची हे मुलाला दाखवावे आणि ती का लावायची हेही सांगावे. कोल्हापूरच्या संग्रहालयातील पोसायडनच्या मूर्तीपुढे उभे राहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले, तरी दोन हजार वर्षांपूर्वीचा तिचा लांबचा प्रवास सार्थकी लागला असे म्हणता येईल.