विंचूदंश आणि परिचारिकेची नजर

होटगी हे रेल्वेचे जंक्शन, आणि सोलापूर शहर जवळच. याच भरवशावर विंचू चावलेल्या मुलाला उपचार सुरू न करताच गाडीत घालण्याचा मोह होतो. मांत्रिकाकडे गेलेला वेळ तर वेगळाच.

लाल विंचवाच्या दंशात वेदना अधिक म्हणजे धोका अधिक, असे नसते. वेदना किरकोळ, पण मूल घामाने डबडबलेले, उलट्या करणारे, हातपाय गार पडलेले असेल, तर विषाचा परिणाम हृदयावर होत आहे असे परिचारिकेने समजावे आणि डॉक्टरांना तत्काळ कळवावे. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे टिपली आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात प्राझोसिन या गोळीचा उपयोग मांडला. डॉक्टरांच्या आदेशाने किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, हातपाय उबदार होईपर्यंत दर ३ तासांनी, ती देतात. आता प्रतिविषाचीही जोड मिळते.

खरी कसोटी त्यापुढे, शुश्रूषेची. गोळीने रक्तदाब उतरतो. मुलास उभे केले की शुद्ध हरपू शकते. म्हणून त्यास आडवेच ठेवावे, नाडी व रक्तदाब वेळेसह लिहावा, आणि तो कागद रुग्णासोबत सोलापुरास धाडावा. गाडीतही मूल आडवेच न्यावे. पालक मात्र बहुधा त्यास मांडीवर बसवतात.