फिटची गोळी बदलते तेव्हा

(सामुदायिक रेडिओवरच्या आरोग्य कार्यक्रमात झालेलं भाषण)

 

आज ज्या आजाराबद्दल आम्ही बोलणार आहोत, त्याचं नाव घरात मोठ्यानं घेतलं जात नाही. कुणी फिट म्हणतं, कुणी आकडी, कुणी फेफरं, कुणी मिरगी. डॉक्टर अपस्मार म्हणतात. नाव काहीही घ्या, हा मेंदूचा आजार आहे. मेंदूचं सगळं काम विजेच्या बारीक बारीक इशाऱ्यांवर चालतं. त्या इशाऱ्यांचा एकाएकी लोंढा उठला, की माणूस पडतो, हातपाय झाडतो, नाहीतर नुसताच टक लावून बसून राहतो. यात करणी नाही, बाहेरचं काही नाही. जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते, की नीट निदान झालं आणि औषध मिळालं तर 100 पैकी 70 जणांच्या फिट थांबू शकतात.

पण हे औषध चार दिवसांचं नसतं. काही वर्षं रोज घ्यावं लागतं, काहींना जन्मभर. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट कधी ना कधी होतेच. गोळी बदलते. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या कंपनीचा माल येतो. मेडिकलवाला म्हणतो, "ती संपली, ही घ्या, तीच आहे." लेकरू मोठं झालं म्हणून पातळ औषधावरून गोळीवर येतं. कधी डॉक्टर स्वतःच साधी गोळी बंद करून हळू विरघळणारी देतात. या बदलाच्या वेळी काय सांभाळायचं, तेवढंच आज सांगायचं आहे.

पाटाचं पाणी आणि ठिबक

आमच्या ओळखीच्या एका गटातल्या ताईची गोष्ट सांगतो. तिला कार्बामाझेपिन नावाचं औषध चालू होतं, 400 मिलिग्रॅमची गोळी, सकाळ-संध्याकाळ. दोन वर्षांत एकही फिट नाही. मग एका महिन्यात तिला 200 च्या दोन-दोन गोळ्या मिळाल्या. हिशोब बरोबरच होता, दोनशे आणि दोनशे चारशे. पण गोळी घेतली की दोन-तीन तासांनी तिला गरगरायचं, एकाचे दोन दिसायचे. आणि तिसऱ्या आठवड्यात पहाटे फिट आली. घरचे म्हणाले, नक्की गोळी चुकवली असणार. तिनं एकही चुकवली नव्हती. डॉक्टरांनी जुनं आणि नवं पाकीट शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा उलगडा झाला. जुन्या पाकिटावर नावापुढे दोन अक्षरं होती, सी.आर. नव्यावर ती नव्हती.

त्या दोन अक्षरांचा अर्थ शेतातल्या बाईला समजायला सोपा आहे. पाटानं पाणी सोडलं तर वाफा एकदम तुडुंब भरतो आणि दोन दिवसांनी कोरडा पडतो. ठिबकनं तेच पाणी थेंब थेंब दिवसभर मुळाला मिळतं. साधी गोळी पाटाच्या पाण्यासारखी. घेतल्यावर रक्तात औषध चटकन चढतं, मग उतरत जातं. सी.आर. गोळी ठिबकसारखी, हळूहळू औषध सोडते. ताईच्या रक्तात साध्या गोळीनं औषध एकदम चढलं म्हणून चक्कर आली, आणि पहाटेपर्यंत उतरलं म्हणून फिट आली. औषध तेच, वजन तेच, पण शरीराला मिळण्याची रीत बदलली. साधी गोळी वाईट असते असं नाही. ती बहुतेक वेळा दिवसातून जास्त वेळा, थोडी थोडी विभागून द्यावी लागते. तसं वेळापत्रक डॉक्टरांनी बदलून द्यायला हवं होतं, आणि बदल झाल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

पाकिटावर सी.आर., ई.आर., एक्स.आर., एस.आर. किंवा क्रोनो असं काही लिहिलेलं असेल, तर ती हळू विरघळणारी गोळी समजा. ती कुटायची नाही, चावायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही. कुटलेली सी.आर. गोळी म्हणजे कापलेली ठिबकची नळी, सगळं पाणी एकाच जागी. म्हाताऱ्या माणसाला किंवा लेकराला गोळी गिळवत नसेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. पातळ औषध मिळू शकतं. अर्धी करायची झाली तरी विचारूनच करा. काही गोळ्या रेघेवर मोडता येतात, काही अजिबात नाही.

पातळ औषधाचीही एक गोष्ट आहे. काही औषधांचा गाळ बाटलीच्या तळाशी बसतो. न हलवता दिलं, तर सुरुवातीला लेकराला नुसतं वरचं पाणी जातं आणि बाटली संपत आली की जास्त औषध जातं. म्हणून दर वेळी बाटली चांगली हलवा, आणि घरातल्या चमच्यानं न देता सोबत आलेल्या मापानंच द्या. आपल्या घरात पोह्याचा चमचा वेगळा, चहाचा वेगळा.

कंपनी बदलली तर?

आता दुसरा प्रश्न. साधी ती साधीच, पण कंपनी दुसरी. चालेल का?

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन नावाचं शहर आहे. तिथं 1968 च्या सुमारास फेनिटोइन हे फिटचं औषध घेणाऱ्या बऱ्याच जणांना चक्कर येऊ लागली, तोल जाऊ लागला. गोळीतलं औषध तर तेवढंच होतं. शोध घेतल्यावर कळलं, की गोळीत भर म्हणून जी पूड घालतात ती बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट होतं, मग लॅक्टोज घातलं. नव्या पुडीमुळे औषध शरीरात जास्त शोषलं जाऊ लागलं होतं.

फेनिटोइन हे औषध काठोकाठ भरलेल्या रांजणासारखं आहे. शरीर ते एका मर्यादेपर्यंतच बाहेर टाकू शकतं. रांजण भरत आला, की वरून एक तांब्या ओतला तरी सांडतं. म्हणून थोड्याशा बदलानंही त्रास होऊ शकतो, कमी झालं तर फिट, जास्त झालं तर तोल जाणं.

पण सगळी औषधं अशी नाहीत. ब्रिटनच्या औषध नियंत्रण संस्थेनं 2013 साली फिटच्या औषधांचे तीन गट केले. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही पहिल्या गटात, यांची कंपनी शक्यतो बदलू नये. व्हाल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्लोबाझाम ही दुसऱ्या गटात, पेशंट बघून डॉक्टरांनी ठरवावं. लेव्हेटिरासेटाम तिसऱ्या गटात, तिथं कंपनी बदलल्यानं सहसा फरक पडत नाही.

म्हणून जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी म्हणजे खोटी गोळी, असं कुणी समजू नका. महागाईत महिन्याचे पैसे वाचले तर औषध मध्येच बंद पडत नाही, आणि ते फार मोलाचं आहे. स्वस्त गोळीवर जायचं असेल तर जरूर जा. डॉक्टरांना सांगून जा, आणि एकदा गेलात की शक्यतो तीच धरून राहा. दर महिन्याला नवी कंपनी, हे मात्र टाळा.

पावसाळ्याचंही ध्यानात ठेवा. कार्बामाझेपिनच्या गोळ्या ओलाव्यात राहिल्या तर कडक होतात आणि त्यांचा गुण एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. गोळी बदललेली नसते, पण ओलीमुळे बदलल्यासारखीच होते. न्हाणीजवळ, माठाशेजारी, चुलीवरच्या फळीवर गोळ्या ठेवू नका. पाकिटातून आधीच काढून ठेवू नका. कोरडा, घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवा.

लपवलेली गोळी

आणि इथंच आपल्या बायकांची खरी अडचण येते. कितीतरी सुना गोळ्या पाकिटातून काढून कुंकवाच्या डबीत, ट्रंकेत, साडीच्या घडीत ठेवतात. पाकीट जाळून टाकतात. सासरी कळू नये म्हणून. मग गोळी बदलली हे तिला कसं कळणार? दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "कुठली गोळी चालू आहे?" ती म्हणते, "पांढरी, गोल." पांढऱ्या गोल गोळ्या शेकडो आहेत, बायांनो.

तिची भीती खोटी नाही. पूर्वी हिंदू विवाह कायद्यातच अपस्माराचे वारंवार येणारे झटके हे लग्न रद्द ठरवण्याचं एक कारण होतं. 1999 च्या दुरुस्तीनं ते काढून टाकलं. कायदा बदलला, घरं अजून बदलायची आहेत. तोवर आमचं प्रत्येकीला सांगणं आहे, घरातल्या किंवा गटातल्या निदान एका माणसाला आपला आजार आणि आपल्या गोळीचं नाव माहीत असू द्या. नवरा असो, नणंद असो, आशाताई असो. आणि सासवांना आमची विनंती आहे. सुनेला बीपीची गोळी चालू असती तर तुम्ही लपवायला लावली असती का? ही गोळीही तशीच, देवघराशेजारच्या फळीवर उजळ माथ्यानं राहू द्या.

बाईच्या शरीराचं गणित

दोन गोष्टी खास आपल्यासाठी. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन चालू असेल, तर माला-डीसारख्या पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा गुण कमी होतो. म्हणून फिटचं औषध बदललं, की पाळणा लांबवायच्या साधनाबद्दलही विचारा.

दुसरी गोष्ट, व्हाल्प्रोएट. पोटातल्या बाळाचा मणका आणि मेंदू घडताना या औषधाचा धोका असतो. मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटा, म्हणजे वेळेत दुसऱ्या औषधावर जाता येतं. पण दिवस राहिले हे कळल्यावर घाबरून एकदम गोळी बंद करू नका. एकदम बंद केल्यानं लागोपाठ फिट येऊ शकतात, त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग करायचं काय?

एक. नव्या गोळ्या घेताना काउंटरवरच जुनं पाकीट शेजारी धरा. तीन गोष्टी जुळवा. औषधाचं नाव, मिलिग्रॅमचा आकडा, आणि नावापुढची ती अक्षरं. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकीला वाचायला सांगा. अक्षराला अक्षर जुळवायला इंग्रजी यावं लागत नाही.

दोन. सुट्ट्या चार-सहा गोळ्या कापून घेतल्या तर नाव दुसऱ्या तुकड्यावर राहतं. पूर्ण पाकीट घ्या, किंवा नाव असलेल्या तुकड्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. केसपेपरसोबत एक जुनं रिकामं पाकीट कायम ठेवा.

तीन. 8 दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणा. शेवटच्या गोळीला निघालं, की मिळेल ते घ्यावं लागतं.

चार. वेगळी गोळी मिळालीच, तर गोळीविना मात्र राहू नका. एकही डोस न घेणं त्याहून धोक्याचं. औषध तेच आणि फक्त कंपनी वेगळी असेल, तर ती चालू ठेवा आणि डॉक्टरांना लवकर कळवा. साधी आणि सी.आर. अशी अदलाबदल झाली असेल, तर पुढचा डोस यायच्या आत डॉक्टरांना फोन करा, किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.

पाच. डॉक्टरांनी स्वतः बदल केला, तर जुनी गोळी कोणत्या दिवशी थांबवायची हे चिठ्ठीवर लिहून घ्या. जुनी आणि नवी दोन्ही घेत राहणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. तो दुप्पट डोस होतो.

सहा. बदलानंतरचा महिनाभर कॅलेंडरवर खुणा करा. फिट आली, चक्कर आली, तोल गेला, बोलणं जड झालं, फार झोप आली, सगळं. अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं किंवा ताप आला तर लगेच दवाखान्यात जा. गरज पडली तर डॉक्टर रक्तातली औषधाची पातळी तपासतात. या महिन्यात एकटीनं विहिरीवर, नदीवर जाऊ नका, गाडी चालवू नका, चुलीपाशी कुणीतरी सोबत असू द्या.

आणि फिट आलीच, तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा नको. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा, आणि आकडी थांबली, की कुशीवर वळवा. 5 मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली, तर 108 ला फोन करा.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, की पाच मिनिटं काढा. आपल्या वस्तीत फिटची गोळी कुणाला चालू आहे, हे चारचौघींत विचारू नका. "ज्यांच्या घरात गोळ्या चालू आहेत, त्यांनी पाकीट जपून ठेवा" एवढं सगळ्यांना सांगा. बीपीवाली ऐकेल, साखरवाली ऐकेल, आणि कोपऱ्यात गप्प बसलेली एखादी सूनही ऐकेल. तिच्यासाठीच आम्ही आज बोललो.