वेताळाच्या बखरी : चित्रकथांतील सातत्याचा प्रश्न

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी संतवाङ्मयावर आणि मराठवाड्याच्या ग्रंथपरंपरेवर व्यासंगी व्याख्याने झाली. त्यांच्यामागून मी वेताळावर बोलणार हे निमंत्रणपत्रिकेत वाचून एका ज्येष्ठ सभासदांनी मला आज दारातच गाठले आणि विचारले, "हा वेताळपंचविशीतला वेताळ ना?" मी म्हटले, "नाही, मुखवटा घालून घोड्यावरून हिंडणारा." ते सौजन्याने हसले, पण त्यांचे समाधान झाले असे मला वाटले नाही. त्यांचे समाधान व्हावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रश्न असा आहे. साहसवीरांच्या चित्रकथा वर्षानुवर्षे चालतात. लेखक बदलतात, चित्रकार बदलतात, पुढे त्यांवर चित्रपट निघतात. अशा वेळी आधी सांगितलेले पुढे खरे राहिले पाहिजे काय? ज्याचे वडील पहिल्या भागात वारले, ते दहाव्या भागात दारात उभे राहिले तर चालेल काय? या गुणाला मी 'सातत्य' म्हणतो. प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु कीर्तनकार, शाहीर, नाटककार आणि कादंबरीकार यांनाही तो चुकलेला नाही.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ली फॉक या अमेरिकन लेखकाची 'फँटम' ही चित्रमालिका वर्तमानपत्रांतून १७ फेब्रुवारी १९३६ पासून चालू होती. ती इंद्रजालमधून आपल्याकडे आली आणि मराठीत फँटमचा वेताळ झाला. इंद्रजाल १९९० साली बंद पडले. म्हणजे माझ्या वयाच्या वाचकांचे सारे बालपण त्या पंचवीस-सव्वीस वर्षांत बसते.

वेताळाची मूळ कथा आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी एक जहाज लुटले. त्यातून वाचलेला एक तरुण किनाऱ्याला लागला. पित्याच्या मारेकऱ्याची कवटी हाती घेऊन त्याने शपथ घेतली की, मी आणि माझे वंशज चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढत राहू. त्याच्यामागून त्याचा मुलगा, मग नातू, असे करीत आपल्याला दिसतो तो एकविसावा वेताळ. मुखवटा तोच, अंगठी तीच. त्यामुळे जंगलातील लोकांना वाटते की हा एकच पुरुष आहे आणि तो अमर आहे. त्याच्या गुहेत पूर्वजांची थडगी आहेत, आणि प्रत्येक वेताळाने स्वहस्ते लिहिलेल्या जाडजूड बखरी आहेत. कित्येक कथा तो जुनी बखर उघडतो तेथूनच सुरू होतात. सातत्य हाच जिचा विषय आहे, अशी ही कथा आहे.

आणि तरीही सातत्याच्या बाबतीत तिच्याइतकी ढिसाळ कथा क्वचितच सापडेल! फॉकच्या मनात आरंभी नायक निराळाच होता. जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत तरुण मुखवट्याआड असावा, असे त्याने योजिले होते. पहिल्या पूर्वजाचे आडनाव प्रथम स्टँडिश होते, पुढे ते वॉकर झाले. वेताळाचे जंगल आधी आशियात होते, मग ते आफ्रिकेत सरकले. आपल्या इंद्रजालने त्यात स्वतःची भर घातली. मूळ देशाचे नाव बंगालशी जुळत होते, म्हणून त्याचे 'डेंकाली' केले. चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग' होते, ते 'सिंगा' झाले. १९४३ च्या अमेरिकन चित्रपटमालिकेत वेताळाचे खरे नाव जेफ्री प्रेस्कॉट होते, तर १९९६ च्या चित्रपटात तो पुन्हा किट वॉकर झाला, आणि तेथे चाच्यांच्या टोळीला 'सेंघ' म्हटले गेले. सर्वांत मोठी विसंगती तर उघडीच आहे. वेताळ मरतात आणि पुत्र त्यांची जागा घेतात, यावर कथेचा सारा डोलारा उभा; आणि १९३६ चा हा एकविसावा मात्र म्हातारासुद्धा होत नाही.

शाळकरी वयात या विसंगतींनी मला फार छळले. रविवारी आबिड्सच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथून मी अंक गोळा करी. मूळ मालिकेतील कथांचा क्रम आणि इंद्रजालच्या अंकांचा क्रम एक नव्हता. त्यात जुन्या बाजारात अंक हाताला लागेल तसा. १९७७ साली वेताळाचे डायनाशी लग्न झाले आणि पुढे त्यांना जुळी मुले झाली. त्यामुळे एका रविवारी वेताळ दोन मुलांचा बाप असे, तर पुढच्या रविवारी ब्रह्मचारी! मी एक शंभर पानी वही केली. तीत डाव्या बाजूस वंशावळ आणि उजव्या बाजूस 'चुका' लिहू लागलो. चुकांची पाने लवकर भरली.

एके दिवशी ती वही अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हाती पडली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि एवढेच म्हणाले, "आता आजीला विचार, तिची वत्सला व्यासांना ठाऊक होती का?"

आमची आजी वत्सलाहरण फार रंगवून सांगे. बलरामाची कन्या वत्सला, तिचे अभिमन्यूवरील प्रेम, बलरामाने तिला दुर्योधनाच्या मुलाला देऊ करणे, आणि घटोत्कचाने मायेने केलेली फजिती. कोठे ती वत्सला, कोठे सुरेखा. बाबूराव पेंटरांनी १९२१ साली याच कथेवर 'सुरेखाहरण' हा मूकपट काढला. शेजारच्या तेलुगू घरात हीच मुलगी शशिरेखा होती. के. व्ही. रेड्डी यांचा 'मायाबाजार' (१९५७) या शहरात पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला. रामारावांचा कृष्ण आणि रंगारावांचा घटोत्कच आमच्याही घरचे झाले. आता, व्यासांच्या महाभारतात ही वत्सला नाही. तेथे अभिमन्यूची पत्नी उत्तरा आहे. आणि 'मायाबाजार'मध्ये तर पांडव एकदाही पडद्यावर येत नाहीत! माझ्या वहीच्या न्यायाने पाहिले तर आजी आणि रेड्डी दोघेही गुन्हेगार ठरत होते. मी वही मिटली.

परंतु मिटलेल्या वहीतला प्रश्न सुटलेला नव्हता. मग काहीही चालते काय? पुढे साहित्याचा विद्यार्थी आणि अध्यापक म्हणून याचा विचार करताना माझ्या ध्यानात आले की, आजीने अभिमन्यूला एक जास्तीची बायको दिली, पण चक्रव्यूहातून त्याला बाहेर काढण्याचे धाडस तिने कधी केले नाही. लग्नाचा तो सारा हास्यविनोद ऐकताना घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे की हा नवरदेव अल्पायुषी आहे. त्या जाणिवेने तो विनोद अधिकच गोड लागे. कथेत भर घालण्याची मुभा आपल्या परंपरेने सांगणाऱ्याला सढळ हाताने दिली. पात्राने जी किंमत मोजली आहे ती वजा करण्याची मुभा दिली नाही. मृत्यू, शपथ, शाप, श्रम या त्या किमती होत. मला महत्त्वाचे वाटते ते सातत्य हे.

ही कसोटी परदेशी साहसवीरांना लावून पाहा. सुपरमॅनला १९९२ च्या अखेरीस त्याच्या प्रकाशकांनी मारले. त्या अंकासाठी अमेरिकेत दुकानांपुढे रांगा लागल्या. १९९३ मध्ये तो परत आला. परत येण्याचे स्पष्टीकरण दिले गेले, म्हणजे घटनांचे सातत्य कागदोपत्री पाळले गेले. पण ज्या मुलाने तो अंक हाती घेऊन खरोखर अश्रू ढाळले, त्याच्या अश्रूंचे काय? पुढच्या मृत्यूला तो रडणार नाही. नियम न मोडताही विश्वास मोडता येतो, याचे हे उदाहरण आहे.

स्पायडरमॅनचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. १९६२ च्या मूळ चित्रकथेत कोळी चावल्याने त्या विद्यार्थ्याच्या अंगी बळ येते. जाळे फेकण्याचे यंत्र मात्र तो स्वतःच्या बुद्धीने बनवितो. २००२ च्या चित्रपटात जाळे त्याच्या मनगटातूनच निघू लागले. बदल लहान दिसतो; पण अर्धे दैवाचे आणि अर्धे कष्टाचे असे जे मूळचे वाटप होते, त्यातले कष्टाचे अर्धे गेले. २०१२ च्या चित्रपटात ते यंत्र परत आणले गेले. तरीही २००२ चा चित्रपट मला आवडतो, कारण मुख्य किंमत त्याने राखली आहे. आपण सोडून दिलेल्या चोराच्या हातून आपला काका मेला, हे ओझे तो मुलगा तेथेही वाहतो.

आणि आपल्याच शहरातील चित्रसृष्टीकडे पाहा. २०२४ साली आलेल्या नाग अश्विन यांच्या 'कल्कि २८९८ एडी' या तेलुगू चित्रपटाने अश्वत्थाम्याला हजारो वर्षे पुढच्या काळात नेऊन ठेवले. व्यासांना हे स्थळ आणि हा काळ ओळखता येणार नाही. पण उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडल्याचा शाप तो अजून भोगतो आहे, आणि चित्रपटात त्याच्याकडे काम येते ते एका गर्भाच्या रक्षणाचे. कथा कितीही दूर गेली तरी जुने देणे त्याच्या नावावरून खोडलेले नाही.

येथवर मी कसोटी सांगितली. ती मला स्वतःला ऐन वेळी लावता आली नाही, हेही सांगितले पाहिजे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्या ग्रंथालयात आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेचा विद्यार्थी, सायकल आणि तो 'ट्टॉक' आवाज. तो प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो, आणि वेताळाप्रमाणेच वयाने वाढत नाही. १९८७ साली दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन यांनी त्याची भूमिका केली. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट आला. त्यात फेणे मोठा झालेला आहे, तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो, आणि स्वतः भा. रा. भागवत हे त्या कथेतले एक पात्र आहेत.

तो पाहून घरी येताना माझी मुलगी खूश होती. तिचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेले. मराठी ती बोलते, पण वाचताना अडखळते. तिने विचारले, "बाबा, हाच तुमचा फास्टर फेणे ना?" मी म्हणालो, "छे, हा खरा नव्हे." आणि सुमारे अर्धा तास मी तिला काय काय चुकले ते सांगितले. ती गप्प झाली. पुढे कित्येक दिवस मराठी पुस्तकाचा विषय काढला की ती म्हणे, "नको बाबा, मला त्यातलं खरं काय ते कळणार नाही."

श्रोतेहो, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात या वाक्याचा अर्थ काय होतो, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. एक दार आपणहून किलकिले झाले होते. ते मी सातत्याच्या नावाखाली लावून घेतले.

पुढे एका सुट्टीत मी तिला येथे घेऊन आलो. मी वृत्तपत्रे चाळत बसलो असता ती बालविभागातून फेणेचे एक पुस्तक घेऊन आली. घरी तिने ते बोट ठेवून वाचले, आठ-दहा दिवस लागले. संपल्यावर म्हणाली, "यात तो लहान आहे. सिनेमात तो मोठा झाला. स्वभाव तोच आहे की!" दुसऱ्याच्या संकटात आपण होऊन उडी घेण्याची फेणेची खोड दोन्हीकडे तीच होती. चित्रपटाने ती राखली होती, आणि वाचणाऱ्या मुलीने ती ओळखली. मोबाइल फोनचे कसे जुळवायचे, असे मी मुद्दाम विचारले. तिने ते मनावर घेतले नाही.

मात्र तिला हे म्हणता आले, याचे कारण पुस्तक येथे जागेवर होते. जुने रूप हाताशी असेल तर नवे रूप त्याच्याशेजारी ठेवून पाहता येते, पटले नाही तर नाकारताही येते. जुने नाहीसे झाले की उरेल तेच खरे मानावे लागते. वेताळाच्या गुहेत पोशाख, घोडा आणि लांडगा यांच्याहून मोलाच्या त्या बखरी आहेत, असे मला म्हणूनच वाटते. त्या प्रत्येक पिढीने लिहिल्या आणि पुढच्या पिढीने जपल्या.

इंद्रजालचे अंक मात्र बहुतेक घरांतून रद्दीत गेले. माझेही घर बदलताना गेले. पोरांचा वाचनखेळ म्हणून ते जपावेत असे मोठ्यांना वाटले नाही, आणि मीही तेव्हा मोठा झालो होतो. शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयास माझी विनंती आहे की, बालमासिके, चित्रकथा, एकाच कथेची निरनिराळी रूपे यांसाठी एक कपाट राखून ठेवावे. माझ्यापाशी उरलेले वेताळाचे सतरा अंक मी आज ग्रंथपालांच्या स्वाधीन करीत आहे. त्यांचा क्रम लागत नाही. एका अंकात लग्न झालेले आहे, दुसऱ्यात व्हावयाचे आहे. दाखल नोंदवहीत ते जसे आहेत तसेच नोंदवावेत. जुळवाजुळव वाचणारी मुले करतील.