होडीचा पंखा निवडताना

आजचं बोलणं किनाऱ्यावरच्या आपल्या बचत गटांसाठी आहे. ज्यांच्या घरी आउटबोर्ड इंजिन लावलेली मासेमारीची होडी आहे, त्यांनी जरा लक्ष देऊन ऐका. विषय आहे इंजिनाचा पंखा.

कुणी म्हणेल, पंखा बघायचा तांडेलाने, आमचा काय संबंध? संबंध हिशेबाचा आहे. मासळी विकली की आधी इंधनाचा खर्च वजा होतो, मग उरलेल्या पैशांच्या वाटण्या होतात. इंजिनासाठी गटातून कर्ज घेतलं असेल, तर हप्ताही त्याच वाट्यातून जातो. चुकीचा पंखा रोज थोडं थोडं इंधन जास्त खातो, आणि ते सगळ्यांच्या वाट्यातून जातं.

पंख्यावर बहुतेक वेळा दोन आकडे कोरलेले असतात. समजा ९ आणि १०. हे इंचाचे आकडे. पहिला आकडा व्यासाचा, म्हणजे पाती फिरताना जो गोल होतो त्याची रुंदी. दुसरा आकडा पिचचा. लाकडात स्क्रू एका फेरीत ठरावीक आत जातो ना, तसा पंखा एका फेरीत पाण्यात किती पुढे सरकेल, ते पिच सांगतं. पाण्यात थोडी घसरण होते, म्हणून होडी प्रत्यक्षात त्याहून कमी सरकते.

आता पुष्कळांना वाटतं, पिच जास्त म्हणजे होडी जोरात. तसं नसतं. भरलेली एसटी घाट चढते तेव्हा ड्रायव्हर गिअर खाली आणतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन धापा टाकतं. होडीचंही तसंच. जाळी, बर्फ, इंधन, माणसं आणि येताना मासळी, एवढं ओझं ओढायचं तर कमी पिचचा पंखा लागतो. नव्या इंजिनासोबत आलेला पंखा आपल्याच होडीला बसेल असं नाही. आपल्या होडीचं वजन कारखान्याला कुठे ठाऊक?

मग बरोबर पंखा ओळखायचा कसा? इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, की पूर्ण थ्रॉटलला इंजिन मिनिटाला किती फेरे घ्यायला हवं. होडीच्या बुडाचं शेवाळ, शिंपले खरवडून काढा. इंजिन योग्य उंचीवर आहे ना, पंख्याने हवा ओढली जात नाही ना, हे मेकॅनिककडून बघून घ्या. मग नेहमीचं ओझं भरून, समुद्र शांत असताना, पूर्ण थ्रॉटल द्या आणि फेरे मोजणारं मीटर लावा. रिकाम्या होडीवर घेतलेली चाचणी कामाची नाही.

समजा पुस्तकात ४५०० ते ५५०० फेरे लिहिलेत आणि आपल्या भरल्या होडीवर मीटर ४४०० दाखवतं. म्हणजे पंखा इंजिनाला जड जातोय. असं इंजिन दमून चालतं, तापतं, त्यात काजळी धरते आणि आयुष्य घटतं. पिच एक इंच कमी केलं की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. दोन इंच कमी केलं तर इंजिन ४७०० ते ४८०० पर्यंत जाईल. काम झालं.

उलटही होतं. फेरे ५५०० च्या वर गेले, तर पंखा फार हलका आहे. तेही इंजिनाला घातक. तेव्हा पिच वाढवायचं.

पंखा बदलला की वहीत नोंद ठेवा. त्याच ठिकाणी, तेवढंच ओझं घेऊन गेल्यावर आधी किती लिटर लागत होतं आणि आता किती लागतं, हे आठ-दहा फेऱ्यांचं लिहा. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, वारा आणि भरती-ओहोटीने फरक पडतो.

आणखी तीन गोष्टी सांगते. ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त असतो. खडकाला लागला तर वाकतो, पण बऱ्याचदा दुरुस्तही होतो. वाकलेल्या पात्यावर तसंच चालवू नका, थरथर गिअरपर्यंत जाते. दुसरं, लहान इंजिनात पंख्याला पिन असते. पंखा कशाला अडकला की ती स्वतः तुटते आणि गिअर वाचवते. तिच्या जागी खिळा ठोकू नका. सुटी पिन होडीत ठेवा, जमल्यास जुना पंखाही. तिसरं, जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे दांड्याला गुंडाळतो आणि आतलं ऑइल सील कापतो. मग गिअरच्या तेलात पाणी शिरतं, तेल दुधासारखं दिसतं. म्हणून अधूनमधून पंखा काढून धागा साफ करा आणि दांड्याला ग्रीस लावा. पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढायची, हे विसरू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत इंजिनाच्या कर्जाचा अर्ज आला, तर तीन प्रश्न विचारा. या इंजिनाचे फेरे किती हवेत? भरल्या होडीवर ते मोजून देणार का? आणि पंखा जमला नाही, तर दुकानदार बदलून देईल का? उत्तरं मिळाली की मगच सही करा. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्राला अर्पण कराल, त्याआधी एवढं काम उरकून घ्या.