न्यायमूर्ति नरेंद्र चपळगावकर



न्यायालयाचें नांव काढिलें कीं आपल्याकडील शेतकऱ्यास घाम फुटतो. १९८१ पूर्वीं तर नांदेड-लातूरकरांस उच्च न्यायालयांतील अपिलासाठीं मुंबई गांठावी लागे. गरिबास वाटखर्चच जड! त्या सालीं औरंगाबादेस खंडपीठ बसलें. बीडला वकिली केलेले नरेंद्र चपळगावकर १९९० सालीं उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति झाले. हे गृहस्थ मुळांत मराठीचे अध्यापक. लातूरच्या दयानंद महाविद्यालयांत त्यांनीं शिकविलेलें. फिर्यादीची बोली समजणारा न्यायाधीश लाभणें, हें आम्हांस मोठें भाग्य वाटतें. १९९९ सालीं ते निवृत्त झाले, जानेवारी २०२५ मध्यें निवर्तले. नांदेडच्या विद्यापीठास ज्यांचें नांव आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांचें ‘कर्मयोगी संन्यासी’ हें चरित्र त्यांचेंच. वाचनालयांत अवश्य मागून घ्यावें.